बॅगेतल्या खोल्या

आमच्या घरमालकीणबाईंना कोणी सांगितलं असतं की अख्खं घणसोली गाव उचलून पनवेलच्या पलीकडे न्यायचं आहे, तर त्यांनी डोक्याला हात वगैरे न लावता फक्त एवढंच विचारलं असतं, "बॅगेची चेन धड हाय ना?" चेन धड असली की त्यांच्या लेखी न बसणारी वस्तू जगात नव्हती. त्यांच्या घरात मी भाड्याने राहिले तेवढ्या वर्षांत त्यांनी लोकांच्या बॅगांमध्ये काय काय बसवलं ते सांगितलं, तर तुम्ही मला खोटारडी म्हणाल. दुबईला निघालेल्या एका शेजाऱ्याच्या बॅगेत त्यांनी पुरणयंत्र बसवलं होतं आणि त्या यंत्राच्या पोटात त्याचे मोजे. एका नवरीचं निम्मं रुखवत त्यांनी हातातल्या बॅगेत घातलं. एकीला पाटा-वरवंटा न्यायचा होता. त्यातला वरवंटा बसला, पाटा राहिला, आणि तोही विमानवाल्यांच्या आडमुठेपणामुळे राहिला, आपल्यामुळे नव्हे, हे त्या पुढे कित्येक दिवस गल्लीत सांगत होत्या.

घणसोलीच्या जुन्या गावात, देवळामागच्या गल्लीत त्यांचं तीन मजली घर आहे. एके काळी या कुटुंबाची खाडीकडे भातशेती होती. शहर आलं, शेती गेली, आणि शेतीच्या जागी खोल्या आल्या. खाली काकी आणि काका, वर आम्ही भाडेकरू. मी मूळची लातूरकडची. लग्न करून आले ती थेट त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. नवरा एपीएमसी मार्केटात धान्याच्या एका गाळ्यावर कामाला, आणि मला रबाळ्याच्या एका पंपांच्या कारखान्यात नोकरी लागली होती. त्या नोकरीत सारखं कुठल्या ना कुठल्या गावी गिऱ्हाइकाकडे जावं लागे. काकींना अख्खी गल्ली काकी म्हणायची, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. बेताची उंची, भक्कम अंग, गाऊनवर खांद्याला टॉवेल, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला चाव्यांची दोरी. कुठल्या खोलीचा नळ गळतो, कुठल्या खोलीतली सून रुसली आहे आणि कुठल्या खोलीत दुपारी कोळंबी शिजते आहे, हे त्यांना जिन्यात पाय टाकताच कळे. घरमालकिणीची एवढी धास्ती मी पूर्वी कधी घेतली नव्हती आणि एवढी माया घरमालकिणीवर कोणी केल्याचं ऐकलंही नव्हतं.

आमची खरी ओळख झाली ती माझ्या बॅगेमुळे. मला वडोदऱ्याला जायचं होतं. बॅग पलंगावर टाकून, तिच्यावर गुडघा देऊन मी चेन ओढत होते. काकी टाकीचं पाणी बघायला गच्चीवर निघाल्या होत्या, त्या माझ्या दारात थांबल्या. दुसरीच्या हातचं गुठळ्या झालेलं पिठलं बघावं तशा माझ्या बॅगेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाय, ही बॅग हाय का भंगारचा टेंपो?" मी काही बोलायच्या आत त्यांनी बॅग उचलून पलंगावर उपडी केली. जेमतेम ओळख झालेल्या बाईसमोर आपले आतले-बाहेरचे सगळे कपडे पलंगभर पसरलेले बघण्याची माझ्यावर ती पहिलीच वेळ. काकींना त्याचं काही नव्हतं. त्या खाली गेल्या आणि चेन लावलेल्या, वरून जाळी असलेल्या चौकोनी कापडी पिशव्यांची चळत घेऊन आल्या. पलंगावर मांडी ठोकून त्यांनी माझे कुर्ते गुंडाळले, दाबले, एका पिशवीत उभे लावले. दुसरीत सलवारी, तिसरीत आतलं, चौथीत चार्जर आणि कंगवा. सगळ्या पिशव्या बॅगेत अशा गेल्या की जणू बॅग त्यांच्यासाठीच शिवली होती. चेन त्यांनी करंगळीने लावली आणि म्हणाल्या, "जा आता. कुठं बी जा."

वडोदऱ्याच्या हॉटेलात बॅग उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझी वस्तू पहिल्या झटक्यात सापडली. मात्र तळाच्या पिशवीत मी न ठेवलेलंही काही होतं. प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात डबी, आणि डबीत सुकटीची चटणी. मी माळकरी बापाची लेक, सुकटीचा वास तोवर फक्त गल्लीतून जाता-येता घेतलेला. फोन केला तर काकी म्हणाल्या, "परमुलखात उपाशी नको मरूस. आनि वासाचं टेन्शन घेऊ नको, त्या खोलीला डबल चेन हाय." पहिल्या खेपेला ती चटणी मी हॉटेलच्या पोऱ्याला देऊन टाकली. दुसऱ्या खेपेला गाव भलतंच अडनिडं निघालं, रात्री काही मिळेना, तेव्हा मी ती चाखली. तिसऱ्या खेपेला काकी चटणी ठेवायला विसरल्या तर मी जिन्यातून परत फिरले. वडिलांना यातलं अजून काही माहीत नाही.

या पिशव्यांना पॅकिंग क्यूब म्हणतात हे मला पुढे रेश्माकडून कळलं. रेश्मा ही काका-काकींची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन कॅनडाला गेलेली. मी या घरात यायच्या आधी ती पहिल्यांदा माहेरपणाला आली आणि तिने बॅग उघडली, तेव्हा आतून कपडे निघालेच नाहीत, करड्या रंगाचे चौकोन निघाले. काकींनी ते बघितले मात्र, आणि लेक समोर उभी आहे, जावई तिकडे खुशाल आहे की नाही, हे विचारायचंच त्या विसरल्या. "आई, ह्यांना क्यूब म्हणतात," रेश्माने सांगितलं. "म्हनू दे," काकी म्हणाल्या, "ही खोली हाय." ज्या बाईचा सगळा संसार खोल्यांवर चाललेला, तिला दुसरं काय दिसणार? लेक परत जायच्या आत काकींनी त्यातली एक खोली उसवून तिची मापं आणि शिवण समजून घेतली आणि आपल्या जुन्या शिलाई मशीनवर स्वतःच्या खोल्या बांधायला घेतल्या. मोडक्या छत्र्यांचं कापड त्यांना सगळ्यात आवडे, कारण ते हलकं आणि पाण्याला दाद न देणारं. पुढे वरची जाळी कमी पडायला लागली तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला कामाला लावलं. तो मार्केटातून कांद्याच्या लाल जाळीच्या रिकाम्या गोण्या आणून द्यायचा. काकी त्या धूत, वाळवत, पुन्हा धूत. तरीही त्या वर्षी मी कुठेही गेले तरी माझ्या कपड्यांना फोडणी टाकायच्या आधीच्या स्वयंपाकघराचा वास यायचा.

कापड कमी पडलं की गल्लीच्या तोंडाशी सोय होतीच. तिथे कोणा ना कोणा भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर बारा महिने लागलेला असे. वाढदिवस उलटला की कापडी बॅनर काकी हक्काने उतरवून आणत. "त्याचा वाढदिवस झाला, आता आपल्या कामाला ईल," हा त्यांचा हिशेब. त्यांनी मला दिलेल्या एका खोलीवर त्यामुळे अर्धी मिशी, एका डोळ्यावरचा गॉगल आणि 'हार्दिक शुभे' एवढी अक्षरं आली होती. एकदा चेन्नईच्या विमानतळावर तपासणीवाल्या बाईने माझी बॅग उघडायला लावली. माझ्या आतल्या कपड्यांवरून तो अर्धा भाऊ तिच्याकडे रोखून बघत होता. तिने मला विचारलं, हे कोण? मी खरं ते सांगितलं की मला माहीत नाही. त्यावर ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिली ती मी अजून विसरले नाही.

खोल्यांचे नियम काकींच्या घराच्या नियमांइतकेच कडक होते. एका खोलीत दोन बिऱ्हाडं चालायची नाहीत. मोजे आणि रुमाल शेजारी नकोत. सासू आणि सून एकाच बॅगेत जाणार असतील तर मध्ये लहान मुलांच्या कपड्यांची खोली टाकायची, म्हणजे कुरबुर होत नाही. "ओला टॉवेल म्हंजे दारुडा भाडेकरू," त्या समजावून सांगत, "त्याला कोनाच्या बाजूला द्यायचा नाय, कोपऱ्यात वेगला ठेवायचा." आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे हवा काढायची. प्रत्येक खोली भरून झाली की काकी तिच्यावर बसत. नुसत्या टेकत नसत, संध्याकाळची मालिका संपेपर्यंत बसून राहत. कोणी कुठे निघालं असलं की त्यांच्या सोफ्यावर त्या नेहमीपेक्षा वीतभर उंच दिसायच्या आणि गल्ली ओळखायची की बॅग भरणं चाललंय. मी एकदा म्हटलं, काकी, एवढी कशाला हवा काढायची? त्या म्हणाल्या, "पोरी, हवा कशाला न्यायची? ती तिकडं पन भेटते."

यात त्यांची फजिती एकदाच झाली, पण ती अशी झाली की भावकीत अजून तिचं नाव काढलं तरी लोक पदर तोंडाला लावतात. सगळी भावकी एक मोठी बस करून कोल्हापूरला देवदर्शनाला निघाली होती. काकींनी सामानाचा ताबा घेतला. घरटी एक बॅग हा त्यांना बावळटपणा वाटला. तांदूळ, डाळ, गूळ आपण वेगवेगळे ठेवतो की नाही? मग कपडेही तसेच ठेवायचे. त्यांनी साऱ्या भावकीचे शर्ट एका बॅगेत लावले, सगळ्या पँटी दुसऱ्या बॅगेत, साड्या तिसऱ्या, परकर चौथ्या. प्रत्येकाच्या कपड्याला रंगीत दोऱ्याची खूण. बॅगा निम्म्याने कमी झाल्या आणि ड्रायव्हरसुद्धा बघायला खाली उतरला. कोल्हापुरात मात्र एका लॉजमध्ये एवढी माणसं मावेनात, म्हणून निम्मी भावकी रस्त्यापलीकडच्या लॉजवर गेली आणि जाताना घाईत निम्म्या बॅगा घेऊन गेली. आंघोळी उरकून प्रवासातले कपडे भिजत घातल्यावर कळलं की अलीकडे सगळे शर्ट आणि परकर आहेत, आणि पलीकडे सगळ्या पँटी आणि साड्या. काका नवा कोरा इस्त्रीचा शर्ट आणि कमरेला टॉवेल अशा थाटात खिडकीत उभे, आणि पलीकडच्या खिडकीत त्यांचे चुलतभाऊ पँट घालून उघडेबंब. दोघे हातवारे करतायत. देवीची आरती व्हायला आलेली. काकींना विचाराल तर त्यात त्यांची काडीची चूक नाही. "एकच लॉज घेतला असता तर?" त्या आजही विचारतात. काकांनी आयुष्यात बायकोला एकदाच उलट उत्तर दिलं ते त्या दिवशी. ते म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर निदान एक धोतर तरी वेगळं घेऊन आलो असतो."

पण हे झाल्यावरही गल्लीतलं कोणी दूर निघालं की बॅग काकींकडेच येई. शिकायला जाणारी मुलं, बोटीवर जाणारे, सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या सासवा. बॅग भरता भरता काकी प्रश्न विचारत. तिकडे थंडी किती, पाणी गरम मिळतं का, शेजारीपाजारी बोलतात का, मासळी ताजी की बर्फातली. विचारता विचारता त्यांचा हात सावकाश होई. मला सुरुवातीला वाटायचं, ही बाईची जात्याच चौकस बुद्धी. पुढे ध्यानात आलं की माणूस दुबईला निघालेलं असो की मस्कतला, काकी त्याला कॅनडाचंच विचारत होत्या.

रेश्मा वर्षाआड यायची. ती यायची ठरली की घराला नवी झळाळी चढे. खाली मागच्या बाजूला तिची खोली होती. तिन्ही मजल्यांत भाडेकरू नसलेली तेवढी एकच. तिच्यात एक पलंग, एक लोखंडी कपाट आणि भिंतीला रेश्माने कबड्डीत मिळवलेल्या ढाली. ती आली की दोघी मायलेकी त्या पलंगावर पडून बोलत राहत, हसण्याचा आवाज जिन्यात येई. आणि परत जायचा दिवस आला की काकींच्या कलेचा खरा कस लागे. पहिल्या खेपेला त्यांनी मसाला, पापड, सुके बोंबील दिले. पुढच्या खेपेला रेश्मा म्हणाली, "आई, माझी पुस्तकं बसतील का गं?" काकी म्हणाल्या, "बसतील का म्हंजे?" आणि पुस्तकं गेली. मग काकींनी आपल्या जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी गेली, तिच्यातली हवा काढायला तर आम्हा सगळ्या बायकांना पाळीपाळीने बसवलं होतं. मग लहानपणच्या फोटोंचे अल्बम. मग ढालीसुद्धा, एकीच्या पोटात एक. दर वेळी चेन लागली की काकी कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "बसलं का नाय?" आणि आम्ही सगळे हो म्हणायचो, काका पेपरातून मान वर करून हो म्हणायचे, रेश्मा आईच्या गळ्यात पडून हो म्हणायची.

एका वर्षी रेश्मा जाऊन थोडे दिवस झाले होते. पावसाळ्यात आमच्या खोलीच्या भिंतीला ओल आली म्हणून काकी म्हणाल्या, तुझ्या चांगल्या साड्या रेश्माच्या कपाटात आणून ठेव. मी साड्या घेऊन खाली गेले. त्यांनी कपाट उघडलं. आत जवळजवळ काही नव्हतं. वरच्या कप्प्यात थोडे जुने कपडे आणि खाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद. भिंतीवर ढालींच्या जागी फिकट चौकोन दिसत होते. "ठेव बाय, जागा लय झालीय," त्या म्हणाल्या आणि मी साड्या ठेवत असताना पलंगावर बसल्या. चादरीची एक सुरकुती हाताने सारखी केली. मग म्हणाल्या, "सगलं मीच बसवून दिलं गं. माझ्याच हातानं. नसतं बसलं तर राह्यलं असतं ना इथं." लेक दूर गेल्याचं दुःख मी माझ्या आईच्या तोंडावर पाहिलेलं होतं, पण ती आपली लेकीच्या पिशवीत लोणच्याची बरणी कोंबून मोकळी व्हायची. आपल्याच हुशारीने आपलं घर रिकामं झाल्याचं दुःख मी पहिल्यांदा पाहत होते. मी त्यांच्याजवळ बसले. मला लातूरची फार आठवण आली.

त्याच्या पुढच्या खेपेला रेश्मा आली ती तिकडे घर घेतल्याची बातमी घेऊनच. आनंद झाला, पेढे वाटले गेले. दोन दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "आई, आता इथली माझी खोली भाड्याने दे. या वेळी माझं जे काय उरलंय ते सगळंच नेते. एखादं नवरा-बायकोचं जोडपं ठेव, तुम्हाला सोबत होईल. बाबांच्या गुडघ्याचं असं, रात्रीबेरात्री खालच्या मजल्यावर हाकेला कोणी नको का?" तिचं काही चुकत नव्हतं. तिकडे बसून तिला आईबापाची काळजी लागायची, म्हणून ती बोलत होती. काकाही म्हणाले, "बरोबर बोलते ती." काकी ताटातल्या भाताकडे बघत नुसतं "बरं" म्हणाल्या. रिकामी खोली ही काकींच्या धर्मात बसणारी गोष्टच नव्हती, खोली रिकामी झाली की संध्याकाळपर्यंत नवा माणूस आलेला असायचा. म्हणजे या खेपेला कपाट मोकळं झालं की ती खोलीही रेश्माची राहणार नव्हती, हे मला धरून त्या जेवणाला बसलेल्या सगळ्यांना कळत होतं.

निघायच्या दिवशी दुपारी काकींनी मला खाली बोलावलं. मी सवयीने बसायच्या तयारीनेच गेले. रेश्माच्या पलंगावर नवी मोठी जांभळी बॅग उघडी होती. ती त्याच आठवड्यात वाशीहून आणलेली. काकींनी एकेक खोली लावायला घेतली, पण मला काहीतरी वेगळं जाणवत होतं. त्या दाबत नव्हत्या. कुठल्याच खोलीवर बसा म्हणत नव्हत्या. मसाल्याची खोली गेली, कपड्यांची गेली, जावयासाठी घेतलेल्या शर्टांची गेली. शेवटी एकच उरली, छत्रीच्या काळ्या कापडाची. तिच्यात कपाटातलं सगळ्यात शेवटचं सामान होतं. रेश्माने कॉलेजच्या गॅदरिंगला घातलेला निळा ड्रेस, कबड्डीची जर्सी आणि कसल्या कसल्या केसांच्या पिना. काकींनी ती खोली बॅगेवर आडवी धरली, उभी धरली, पुन्हा आडवी धरली. आणि म्हणाल्या, "नाय बसत."

काकांनी पेपर खाली घेतला. पुरणयंत्र बसवणारी बाई ती. बॅगेत डाव्या हाताला एवढी जागा होती की एक उशी आरामात गेली असती. मला ती दिसत होती, काकांना दिसत होती, आणि रेश्मा तर त्याच घरात वाढलेली. रेश्मा आता हसून म्हणेल, अगं आई, ही बघ की जागा, आणि मग काय होईल ते मला बघायचं नव्हतं. रेश्मा पलंगाशी गुडघ्यावर बसली. तिने त्या मोकळ्या जागेत हात घातला, तिथे तो जरा वेळ तसाच ठेवला. मग आईकडे बघितलं. काकी चेनकडे बघत होत्या. रेश्माने बॅगेतून आणखी एक खोली उचलून बाहेर काढली, त्याच आठवड्यात हौसेने घेतलेल्या नव्या कुर्त्यांची. ती काळ्या खोलीवर ठेवली आणि म्हणाली, "मग हे पण राहू दे आई. हे घातलं तर चेन लागायची नाही." काकींनी एकदा नाक ओढलं. "नाय लागनार," त्या म्हणाल्या, "लय बारकी बॅग दिलीन मेल्यानं." ती बॅग एवढी मोठी होती की तिच्यात रेश्मा स्वतः बसली असती. दोघी एकमेकींकडे बघून आधी हसायला लागल्या आणि मग रडायला. काका उठून बाहेर गेले आणि गाडी आली का बघत गल्लीत उभे राहिले. गाडीला अजून दोन तास होते.

संध्याकाळी देवासमोर ओटी भरली. ओटीतला नारळ दर खेपेसारखा विमानवाल्यांच्या भीतीने घरीच राहिला. "येते गं," रेश्मा म्हणाली आणि गेली. काकींनी त्या दोन्ही खोल्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवल्या, कपाटाला कुलूप लावलं आणि चावी गळ्यातल्या दोरीत ओवली. दुसऱ्या दिवसापासून खोलीची चौकशी करायला माणसं येऊ लागली, बायकोपोरांना घेऊन, कोणाकोणाची ओळख सांगत. काकी प्रत्येकाला चहा पाजायच्या आणि खोली मोकळी नाही म्हणून सांगायच्या. कोणी दारातून आत डोकावून म्हणालंच की काकी, इथे तर कोणी दिसत नाही, तर म्हणायच्या, "सामान हाय तिचं."

आता आम्ही खारघरला राहतो, स्वतःच्या घरात. घर सोडताना आमचा संसार काकींनीच बांधून दिला, सगळा टेंपोत बसवला, आणि टेंपो हलला तसा टॉवेल डोळ्याला लावला. मी महिन्यातून एखाद्या रविवारी घणसोलीला जाते. काकी थकल्यात, मशीनवर फारशा बसत नाहीत, तरी माझ्या बॅगेच्या चेनकडे नजर जातेच. रेश्माला तिकडे मूल झालं, मग नोकरी बदलली, मग मुलाची शाळा सुरू झाली, अशी एकेक वर्षं गेली. ती अजून येऊ शकलेली नाही. पण तिचा रविवारी सकाळी फोन येतो आणि फोनवर ती दर वेळी एक गोष्ट न चुकता विचारते, हे मला काकींनी सांगितलं. परवा गेले तर त्या नुकत्याच फोनवरून उठल्या होत्या, चेहरा अगदी खुलला होता. मला जेवायला बसवलं, ताटात गरम तांदळाची भाकरी टाकली आणि म्हणाल्या, "आज पन इचारलंन. आई, माझा निला ड्रेस हाय ना गं तिथं? मला लागनार हाय तो. म्हनलं हाय बाय, तिथंच हाय."

तो ड्रेस रेश्माला आता कुठला होतोय! ते काकींनाही माहीत आहे आणि तिलाही. मला राहवलं नाही. मी विचारलं, "मग कधी यायचं म्हणते?"

काकींनी माझ्या भाकरीवर तुपाची धार सोडली. "ते मी नाय इचारत," त्या म्हणाल्या. "ती ड्रेसचं इचारते, मी हाय म्हनते."